दर गुरुवारी नापास

जगबुडी झालीच, तर सबंध मुळशी तालुक्यात एकटे माझे सासरे कोरड्या कपड्यांत बसून, कोरड्या लाकडांवर उकळलेला चहा पिताना सापडतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्या पुरात वाहत वाहत मी त्यांच्या अंगणाला लागलो, तर ते मला आधी पंचा देतील, मग चहा देतील, आणि मग माझ्या गळ्याकडे बघत दुखावलेल्या आवाजात विचारतील, "जावईबापू, मी दिल्याली शिट्टी कुटंय?" ही शिट्टी मला लग्नात मिळाली. जावयाला सोन्याची अंगठी घालतात. ती मलाही घातली, पण ती सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून. सासऱ्यांनी मनापासून दिलेला आहेर वेगळाच होता. तीन सेलांचा एक टॉर्च आणि लाल दोरीत ओवलेली एक पितळी शिट्टी. "अंगठी अडचणीला मोडता येती, पर अंदारात तिचा काय उजेड पडत न्हाई," असं त्यांनी भर मांडवात मला समजावून सांगितलं. लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोत माझ्या एका हातात नारळ आहे आणि दुसऱ्या हातात टॉर्च. फोटो बघणारे दर वेळी विचारतात, की मांडवातली लाइट गेली होती का.

सासरे वायरमन होते. छत्तीस वर्षं खांबावर चढून त्यांनी या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर वीज पोचवली, आणि विजेवर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. मी एकदा चकित होऊन विचारलं, तर म्हणाले, "ती तार मीच जोडलीया. ती कशी जोडलीया ते मला म्हाईत हाय." हलवाई जसा स्वतःच्या दुकानातली मिठाई खात नाही, त्यातला हा प्रकार. आणि एकदा विजेवरचा विश्वास उडाला की बाकी कशावरचा टिकतोय? नळावर नाही, गॅसवर नाही, रस्त्यावर नाही, मोबाइलच्या टॉवरवर तर अजिबातच नाही. पौडच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्यांचं घर आहे. दोन खोल्या स्लॅबच्या, मागे कौलारू पडवी, बाजूला गोठा. इथे पावसाळा म्हणजे चार महिने आभाळ जमिनीवर बसलेलं असतं. त्यामुळे त्यांच्या अविश्वासाला निसर्गाचाही भरपूर पाठिंबा आहे.

घरात शिरलात की पहिल्यांदा दिसतात ते टॉर्च. मी एकदा मोजले, अकरा भरले. सगळे भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, आणि तेही कमरेच्या उंचीवर. याचं कारण विचारायची चूक मी केली. "अंदारात मानूस चाचपडतुया तवा त्याचा हात कंबरंपाशी असतुया. डोक्यापाशी न्हाई. बगा करून." मला डोळे मिटून खोलीभर चाचपडायला लावलं, आणि हात खरंच कमरेपाशीच निघाला हो! स्वयंपाकघराच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने वीतभर उंचीचे आकडे रंगवलेले आहेत. गावचा वायरमन, दवाखाना, मुलगा, जावई. मी दोनदा नंबर बदलला, तेव्हा दोन्ही वेळा मला ब्रश घेऊन बोलावून घेतलं आणि माझा नंबर माझ्याच हातून रंगवून घेतला. काड्यापेट्या काचेच्या बरणीत, आणि ओल धरू नये म्हणून बरणीच्या तळाशी मूठभर तांदूळ. घरच्या इंद्रायणीचं दोन वर्षांचं भात कणगीत. सुकट, सांडगे, आंबोशी, कुरडया यांचे डबे छताला टांगलेले, त्यामुळे घरात उंच माणसाला मान वाकवूनच चालावं लागतं. सातबारा, रेशनकार्ड, पेन्शनचं पुस्तक यांच्या तीन-तीन प्रती. एक घरात, एक माझ्याकडे कोथरूडला, आणि एक प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठ्याच्या आढ्याला. घर पडलं तरी गोठा राहील, हा त्यामागचा हिशेब. गोठा पडला तर घर राहील. दोन्ही पडलं तर जावई आहेच.

पाहुणा आला की त्याला आधी घरातून बाहेर पडायच्या वाटा दाखवतात, चहा नंतर. माझे आईवडील लग्न ठरवायला पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या वडिलांना पुढचं दार, मागचं दार, पडवीतली खिडकी आणि गोठ्यातली फट अशा चार वाटा दाखवल्या गेल्या. चौथ्या वाटेतून तर त्यांना प्रत्यक्ष बाहेर काढण्यात आलं. आयुष्यभर सरकारी कचेरीत फाइली सरकवलेले माझे वडील शेणाने भरलेल्या गुडघ्यांनी अंगणात उभे, आणि सासरे घड्याळात बघून म्हणताहेत, "ब्येस! येवढ्या वयाला लई चपळ हाय तुमी." परतीच्या वाटेवर वडिलांनी आधी गुडघे पुसले. मग म्हणाले, "माणूस विक्षिप्त आहे, पण मुलगी सुरक्षित वातावरणात वाढलेली आहे." लग्न ठरलं.

माझ्या मेव्हण्याने महाळुंग्याला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हाची गोष्ट तर त्या सोसायटीत अजून सांगतात. वास्तुशांतीला सगळे पेढे घेऊन गेले, सासरे काथ्याचा दोर घेऊन गेले. भटजींचे मंत्र चालू असताना यांनी बाल्कनीच्या गजाला दोर बांधून खाली सोडला. "तिसऱ्या मजल्यापातूर पोचतुया. तितनं उडी मारायची." खाली सिक्युरिटीवाल्याने आकाशातून दोर उतरताना बघितला आणि घाबरून शिट्टी फुंकली. आयुष्यात पहिल्यांदा शिट्टीचं महत्त्व जाणणारा माणूस भेटला म्हटल्यावर सासऱ्यांना कोण आनंद! त्यांनी आपली शिट्टी काढून वरून उत्तर दिलं. त्याने परत फुंकली, यांनी परत फुंकली. अर्धी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. मेव्हणा तोंड लपवत फिरत होता, पण सासरे म्हणाले, "बगा, येका शिट्टीत समदी खाली. आता हितं काय भ्या न्हाई."

टाळेबंदी लागली तेव्हा इतके दिवस त्यांना हसणारा गाव त्यांच्या दाराशी आला. तेल, मीठ, डाळ, तापाच्या गोळ्या, सगळं होतं आणि सासऱ्यांनी ते हात न आखडता दिलं. फक्त एका गोष्टीची बेगमी राहून गेली होती, ती म्हणजे त्यांची स्वतःची तंबाखू. दर पाडव्याला ते तंबाखू सोडतात, म्हणून तिचा साठा त्यांनी कधी केलाच नव्हता. चौथ्या दिवशी चेहरा उतरला, पाचव्या दिवशी त्यांनी चुना नुसताच तळहातावर मळला. सहाव्या दिवशी सासूबाईंनी कणगीच्या तळातून एक पुडी काढून निमूटपणे त्यांच्यापुढे ठेवली. "कुटनं आली?" असं त्यांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत? सापडली." मला हे सगळं फोनवर सांगताना सासरे नशिबाचे आभार मानत होते. आता वाटतं, मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

सासूबाईंबद्दल आता सांगायला हवं, कारण ही सगळी तयारी अलीकडे त्यांच्याचसाठी चालली आहे. ठेंगणी, ठसठशीत बाई. चष्म्याशिवाय तांदळातला खडा निवडते, आणि गावात कोणाच्या घरी काय शिजलं ते वासावरून सांगते. मी त्यांना मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. तीन वर्षांपूर्वी मामांच्या छातीत दुखलं. पुण्याला आणून जाळी बसवली, बरे होऊन घरी गेले. पण त्याच पावसाळ्यात त्यांचा एक जुना जोडीदार गेला, तोही वायरमनच. दिवसकार्य झाल्यावर चार दिवसांनी मामा त्याच्या घरी डोकावले, तर त्याची बायको अंधारात बसलेली. तीन दिवसांपासून लाइट नाही म्हणाली. आजूबाजूच्या सगळ्या घरांत दिवे होते. मामांनी बघितलं, तर मेन स्विचचा खटका कोणीतरी खाली केलेला होता, बस्स. "निस्ता खटका वर करायचा व्हता वो," हे मला सांगताना मामांचा आवाज कापत होता. "वायरमनची बायकू, आन तीन दिस अंदारात. त्यानं कदी तिला दावलंच न्हाई. मी तरी हिला कुटं काय दावलं?" मग जरा वेळाने म्हणाले, "हिला समदं येऊ द्या. हिला आलं की मी सुटलो." मामी मागे चुलीशी पाठ करून बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवसापासून गुरुवारची परीक्षा सुरू झाली. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट बंद ठेवतात, हे पुणे जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. मामांनी हा वार नोकरीतली सगळी वर्षं पाळलेला. लोक दत्ताचा गुरुवार धरतात, यांनी विजेचा धरला. एखाद्या गुरुवारी वरून लाइट गेलीच नाही, तर हे स्वतः उठून मेन स्विच खाली करतात. अंघोळ, पूजा आणि न्याहारी उरकली की मामींच्या डोळ्यांना पंचा बांधायचा आणि पाच प्रश्न विचारायचे. मेन स्विच कुठला. फ्यूजची तार कशी घालायची. सिलिंडर कसा बदलायचा. फोन कोणाला करायचा. टाकीचा कॉक कुठे. तोंडी नाही बरं का, करून दाखवायचं. कामाच्या वेळी पंचा काढायची सवलत, पण वस्तू मात्र चाचपडत शोधायची. शेवटी मामा जुन्या लॉगबुकात तारीख घालून निकाल लिहितात.

आणि मामी दर गुरुवारी नापास! साधंसुधं नाही, धडाक्यात नापास. मेन स्विच विचारला तर पंख्याचं बटण. काडेपेटी आण म्हटलं तर खोबऱ्याची वाटी. फ्यूजची तार म्हणून एकदा त्यांनी गजऱ्याचा दोरा अडकवला. सिलिंडरचा रेग्युलेटर उलटा बसवायचा प्रयत्न केला, तोही इतक्या जोरात, की मामांनी त्यांचे दोन्ही हात धरले. एकदा दवाखान्याला फोन लावायला सांगितला, तर त्यांनी मला लावला आणि, "डाक्टर हायेत का?" म्हणून विचारलं. मी ऑफिसात होतो. "मामी, मी आहे," म्हटलं तर म्हणाल्या, "मग त्यास्नी द्या." मामा कपाळाला हात लावून बसायचे. "आगं, म्हशीला शिकवलं आसतं तरी दोन वर्सात तिनं खटका वर केला आसता!" यावर मामी पंचा सोडत शांतपणे म्हणायच्या, "मग तिलाच बसवा पुडच्या येळंला." मला त्यांची कीव यायची. मीही एकदा सहानुभूती म्हणून डोळ्यांना पंचा बांधून घेतला, आणि टाकीचा कॉक शोधताना टाकीतच पडलो. त्या दिवशी लॉगबुकात मामींच्या नावापुढे 'नापास' आणि माझ्या नावापुढे 'भिजले' अशी नोंद आहे.

मागच्या श्रावणात मी मामांची औषधं घेऊन एका मंगळवारी सकाळी गेलो. बायकोला रजा नव्हती म्हणून एकटाच. मामांचं तहसील कचेरीत काम होतं. मी पोचलोय म्हणजे घरात माणूस आहे असं म्हणून ते दहाच्या एसटीने पौडला गेले. जाताना मला म्हणाले, "हिच्याकडं ध्यान द्या. हिला काय येत न्हाई." बारापर्यंत पावसाने असा काही रंग धरला की अंगणापलीकडचं जांभळीचं झाड दिसेना. साडेबाराच्या सुमाराला डीपीकडे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे, एक मोठा धडाका झाला आणि घरातला पंखा थांबला. दोनच्या आत बातमी आली, की घाटात दरड आली, रस्ता बंद, खांबही आडवे झालेत. माझी पाचावर धारण बसली. मी कोथरूडचा माणूस. लिफ्ट अडकली तर मला सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करता येतो, माझी आपत्कालीन तयारी तेवढीच. मी तीन टॉर्च कमरेला खोवले, शिट्टी घरी विसरली म्हणून स्वतःला शिव्या घातल्या, आणि मामींना धीर द्यायला स्वयंपाकघरात गेलो.

मामी भाकरीचं पीठ काढत होत्या. तेवढ्यात माझ्या फोनवर कुठून कोण जाणे एक काडी रेंज आली आणि मामांचा फोन लागला. ते पौडलाच एका मित्राच्या घरी सुखरूप होते, पण जिवाचा आटापिटा करून ओरडत होते. "जावईबापू, आदी मेन स्विच खाली करा! लाइट येताना दाब जास्ती आला तर मोटार जळंल! हिला द्या, हिला द्या फोन!" मी फोन मामींच्या कानाला लावला. मामी घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अवो, कुटला वो मेन स्विच? बारका का मोठा? मला बाई काय सुदरना झालंय!" आणि हे म्हणता म्हणता त्यांनी पिठाच्या हाताने मला भिंतीकडे खूण केली. मेन स्विचचा खटका खाली होता. त्याच्यावर पिठाचं बोट उमटलेलं होतं. फोन कट झाला.

मी बघतच राहिलो. "मामी, हा..."

"धडाका झाला तवाच केला," त्या म्हणाल्या. "सरका, परात घिऊ द्या."

पुढचा दीड दिवस मी जे बघितलं ते मला आयुष्यभर पुरेल. पडवीत पत्र्याची पन्हळ लावून त्यांनी पावसाचं पाणी पिपात घेतलं. पिठलं अर्धं शिजलं असताना गॅस संपला. मी हातपाय गाळले, आणि यांनी दुसरा सिलिंडर तिरका करून काठावर लोळवत आणला, टोपण काढलं, वॉशर बोटाने चाचपून बघितला, रेग्युलेटर खटकन बसवला, साबणाचा फेस लावून बुडबुडा येतोय का ते बघितलं आणि शेगडी पेटवली. पिठल्याला गुठळीसुद्धा झाली नाही. शेजारच्या वाड्यांतल्या दोन बायका काड्यापेटी मागायला आल्या, त्यांनाही या बाईने न बघता, एका हाताने बरणी काढून दिली. रात्री कुठेही न ठेचकाळता त्या जागेवर जाऊन झोपल्या. तीन टॉर्च घेतलेला मी मात्र दोनदा उंबऱ्याला अडखळलो.

बुधवारी दुपारी गावात लाइट आली, मामींनी खटका वर केला, तरी आमच्या घरात दिवा लागला नाही. फ्यूज गेला होता. मी म्हटलं, वायरमनला बोलावू या. मामींनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मी फोन खिशात घातला. त्यांनी मामांचे रबरी हातमोजे घातले, खाली कोरडा लाकडी पाट ठेवला, त्यावर उभ्या राहिल्या आणि मेन स्विचचा खटका पुन्हा खाली केला. मग फ्यूज ओढून काढला, हातमोजे उतरवले आणि वात वळावी तशी ती बारीक तार दोन्ही स्क्रूंना वळून बसवली. उरलेलं टोक दाताने नाही तोडलं, पक्कडीने तोडलं. फ्यूज जागेवर, खटका वर, आणि दिवा लागला.

मला आता राग आला. खरंच राग आला. "मामी, हे काय? म्हणजे तुम्हाला सगळं येतंय! आणि तिकडे मामा दर गुरुवारी कपाळ बडवून घेतात!"

त्यांनी चहा ठेवला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "चाळीस वर्सं वायरमनची बायकू हाय मी. ह्ये नोकरीला असताना रातच्याला कंदी घरी हुते? तवा फ्यूज कोन घालत व्हतं, तुमी?"

"मग त्यांना तसं सांगा की. त्यांचा जीव तरी शांत होईल."

"त्येच न्हाई करायचं मला," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा वळल्या. डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत. "तुमच्याम्होरंच म्हनले न्हवं त्ये, हिला आलं की मी सुटलो म्हनून? मी तवाच मनात म्हनलं, असं व्हय! शिकतेच मी. बगू कसं सुटताय." कपात चहा ओतता ओतता त्यांनी पदराने नाक पुसलं. "मानसाची काळजी मिटली की त्यो जायला मोकळा हुतो, जावईबापू. माजा बाप असाच ग्येला. धाकटीचं लगीन झालं, म्हनला आता काय ऱ्हायलं न्हाई, आन आटव्या दिवशी ग्येला. ह्यांचं मी काय मिटू देनार न्हाई. गुरुवारी म्या नापास झाले की रातच्याला भांडत्यात, चिडत्यात, आन सकाळी पुन्यांदा नव्यानं शिकवाय बसत्यात. दोन वर्सं झाली, येक दिस दुखलं न्हाई त्यास्नी." मग मला दम भरला, "तुमी कुटं बोललासा तर बगा."

मी कप हातात धरून बसलो. डॉक्टरांना हे पटलं नसतं. मलाही पटायला नको होतं, मी हिशेबातला माणूस आहे. पण तेव्हा त्या धुरकट स्वयंपाकघरात मला ते शंभर टक्के पटलं.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला मामी अंगणात होत्या. त्या एकदम, "आले बया!" असं म्हणून आत पळाल्या. लांब बांधावरून मामा येत होते. हातात चपला, धोतर गुडघ्याच्या वर, अंगभर चिखल. गाड्या सुरू झाल्या नव्हत्या, हा माणूस दरडीच्या कडेकडेने चालत आला होता. आत मामींनी जी काही चपळाई केली तिला तोड नाही. भाकरीची टोपली कणगीआड. पिठल्याचं पातेलं पलंगाखाली. चुलीवर पाण्याचा तांब्या. खटका खाली. काड्यापेट्या कुठल्या कुठे. मांडीवर चुरमुऱ्याचा डबा घेऊन त्या भिंतीला टेकल्या, आणि मला म्हणाल्या, "तोंड पुसा. पिठलं लागलंय."

मामा दारात आले. श्वास लागला होता. त्यांनी मामींना वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्याकडे, मग परत मामींकडे.

"अवो," मामी रडक्या सुरात म्हणाल्या, "दोन दिस लाइटच न्हाई. काडेपेटी गावली न्हाई. चुरमुऱ्यावर काडले बगा."

मामांनी चिखलाचा हात धोतराला पुसला, भिंतीपाशी गेले आणि एका बोटाने खटका वर केला. दिवा लागला. ते तसेच दिव्याकडे बघत उभे राहिले.

"जावईबापू, काय खाल्लं तुमी?"

तोंडात न्याहारीच्या तीन भाकऱ्यांची, पिठल्याची आणि सुकटीच्या चटणीची चव अजून जागी होती. "चुरमुरे," मी म्हणालो.

मग मामांचा पट्टा सुटला. काय नाही बोलले! बरणी कुठे, खटका कुठे, दोन वर्षं काय शिकवलं, भिंतीवर वीतवीतभर आकडे रंगवलेत ते काय शोभेला. मामी चुरमुऱ्यांत मान घालून ऐकत होत्या. बोलून बोलून ते थकले, मामींच्या शेजारी जमिनीवर टेकले, डब्यात हात घालून मूठभर चुरमुरे तोंडात टाकले आणि म्हणाले, "तुज्या भरवशावर मी मरू तरी कसा, सांग मला!"

"मग नगा मरू," मामी म्हणाल्या.

मामा चुरमुरे चावत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "पंचा आन. आज गुरुवार हाय."

या गोष्टीला आता वर्ष झालं. मी कोणालाही बोललो नाही, बायकोलाही नाही. मामांची तब्येत झकास आहे. फक्त अलीकडे त्यांना ऐकायला कमी येतं, आणि बारीकसारीक गोष्टी विसरतात. मागच्या महिन्यात एका गुरुवारी मी आणि बायको दोघं तिकडे होतो. न्याहारी झाली, मामींच्या डोळ्यांना पंचा बांधला, आणि मामा पाटावर बसून विचारायला लागले. मेन स्विच झाला. फ्यूज झाला, सिलिंडर झाला, फोन झाला. चारही प्रश्नांना मामी नेहमीसारख्या नापास. मामांनी लॉगबुक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले. पाचवा प्रश्न काय होता ते त्यांना आठवेना. कपाळाला आठ्या घालून ते भिंतीवरचे आकडे बघत राहिले, मग छताला टांगलेले डबे, मग माझ्याकडे. मला उत्तर येत होतं, मी तोंड उघडलं. तेवढ्यात पंच्याआडून मामी हळूच म्हणाल्या, "टाकीचा कॉक ऱ्हायला न्हवं का इचारायचा?"

"व्हय की!" मामांचा चेहरा उजळला. "टाकीचा कॉक. सांग, कुटंय?"

मामी उठल्या, हात पुढे धरून सरळ दाराकडे चालत गेल्या, आणि चौकटीला टांगलेलं तोरण दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाल्या, "ह्यो."